काळ्या घोड्याजवळचा खेकडा

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ‘तृष्णा’ या रेस्टॉरंटमध्ये लोणी, काळी मिरी आणि लसूण यांत परतलेला खेकडा खाण्यासाठी लोक दुरून येतात, आणि त्या कीर्तीत अतिशयोक्ती नाही, असे माझे मत आहे. खेकड्याची किंमत आकारावर ठरते, म्हणून ती आधीच विचारावी; त्यात संकोच कसला? नांगी फोडताना बरबटलेली बोटे चाटावीच लागतात, मग शेजारी कितीही भारदस्त मंडळी बसलेली असोत. बोंबील मात्र मी अशा ठिकाणी क्वचितच मागवतो, कारण पाणी दाबून काढलेला, रव्यात घोळवून तळलेला बोंबील घरीच अधिक कुरकुरीत होतो. साधारणतः 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्यामुळे त्या दिवसांत पापलेट ताजे आहे का, हे वेटरला स्पष्ट विचारावे.