'वन काइंड फेवर'चा सराव: मुक्काम व्हायब्रेटोवर

ब्लूज गिटारवादक-गायक बी. बी. किंगचा 'वन काइंड फेवर' हा शेवटचा स्टुडिओ अल्बम लावून सोबत गिटार वाजवणं चालू आहे. सुरांच्या जागा बोटांत बसल्या. व्हायब्रेटो, म्हणजे तार हलवून सुराला दिलेलं कंपन, अजून पक्का नाही, म्हणून नवं गाणं न घेता तिथेच थांबले आहे.

अल्बम २००८चा, निर्माता टी बोन बर्नेट. पियानोवर डॉ. जॉन, उभ्या बासवर नेथन ईस्ट, ड्रम्सवर जिम केल्टनर. ज्यांना ऐकून बीबी घडला त्या लॉनी जॉन्सन आणि टी-बोन वॉकर यांचीच गाणी त्याने इथे पुन्हा हातात घेतली. सुरुवात ब्लाइंड लेमन जेफरसनच्या गाण्याने: माझी कबर तेवढी स्वच्छ ठेवा, एवढीच विनंती. अल्बमचं नाव त्यातलंच. ऐंशी ओलांडलेला माणूस हे गातो आणि आवाजात रडगाणं जराही नाही. त्याच्या गाजलेल्या लाइव्ह रेकॉर्डिंगपेक्षा मला हेच जवळचं वाटतं.

सराव ए मध्ये, म्हणजे ए हा सा. दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) सा, बारावा रे. अनामिकेने रे थोडा ओढला की कोमल ग, आणखी ओढला की शुद्ध ग. बीबीची जागा अनेकदा या दोन गंधारांच्या मधे असते. ट्यूनर बघून ती मिळत नाही. पाचवी तार मोकळी छेडायची, ती घुमत असताना रे ओढत न्यायचा आणि कान सांगेल तिथे थांबायचं.

बीबीच्या नात्यातला बुका व्हाइट स्लाइड वाजवायचा, म्हणजे तारेवर नळी सरकवून. बीबीला स्लाइड जमली नाही, तेव्हा तो थरार त्याने बोटात आणला. तर्जनीचं टोक तारेवर रोवलेलं, अंगठा नेकपासून सुटलेला, हात मनगटातून फिरतो. अंगठा सोडला की माझा सूर डगमगायचा. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून संथ घोटल्यापासून तो टिकतोय. वेग आता हळूहळू वाढवायचा.

पुढचं काम याच अल्बममधलं 'टुमारो नाइट'. बीबी गाताना वाजवत नसे. ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची. म्हणून ओळ स्वतः म्हणायची, तोवर उजवा हात तारांपासून दूर. हे भलतंच अवघड आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे.

तारा १० च्याच ठेवणार (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत); बीबीच्या नावाचा संचही तिथूनच सुरू व्हायचा. ९ च्या तारा ओढायला हलक्या, पण त्या मधल्या गंधारावर ताबा राहत नाही.