आठ नंबरचा पंचम

आठ नंबर बोलला! म्हणजे मी घरी करतोय त्या छोट्या ऑर्गनचा आठवा पाइप. काल रात्री पावणेअकराला, स्वयंपाकघरात. स्वच्छ, गोल, न डगमगणारा पंचम. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, म्हणून तीन मिनिटांत आवरतं घेतलं. नाहीतर पहाटेपर्यंत धरून बसलो असतो.

मागच्या नोंदीच्या शेवटी मी ऐटीत लिहिलं होतं, 'एकच पाइप उरलाय, येत्या शनिवारी संपवतो.' त्या शनिवारला पाच आठवडे झाले.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. इथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, मोठ्या ऑर्गनच्या (हवा फुंकून पाइप वाजवणारं वाद्य, नाटकातला पायपेटीसारखा ऑर्गन नव्हे) देखभालीसाठी लोक एकेक पाइप 'दत्तक' घेतात. पण दर्शनी रांग सोडली तर बाकीचे हजारो पाइप आत अंधारात उभे. पैसे दिलेल्या माणसाला आपलं दत्तक पोर कधी दिसतच नाही. म्हणून खुल्या दिवशी दानपेटीशेजारी ठेवायला तेरा लाकडी पाइपांचा, हाताने भाता मारायचा छोटा ऑर्गन करतोय. पांढरी एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज ते तार षड्ज. नेदरलंड्समधले ऑर्गलकिड्सवाले शाळकरी पोरांकडून सुटे भाग जोडून घेऊन वाजता ऑर्गन उभा करतात, तिथून ही कल्पना उचलली.

भात्याची गंमत सांगायची राहिली होती. हवा साठवणाऱ्या भात्याची वरची फळी 30 बाय 40 सेंटिमीटर, म्हणजे 1,200 चौरस सेंटिमीटर. तिच्यावर मी 10 किलोची कणकेची पिशवी ठेवली आणि फळीचं स्वतःचं दीड किलो साफ विसरलो. पारदर्शक नळीत बिटाचं पाणी घालून दाब मोजला तर 96 मिलिमीटर! तेराच्या तेरा पाइप किंचाळत होते. कणीक काढून 5 किलोचा तांदूळ ठेवला, दाब 54 वर आला आणि बारा जण मुकाट्याने सुरात आले. तांदूळ आंबेमोहर आहे, याचा आवाजाशी संबंध नाही हे मला मान्य आहे.

उरला आठ नंबर. आपले सगळे पाइप वरून बूच लावलेले. बंद पाइपचा फायदा असा की निम्म्या लांबीत काम भागतं, आमचा पंचम जेमतेम 20 सेंटिमीटरचा आहे. तोटा असा की तो बिथरला की एका सप्तकाने उडी मारत नाही, सप्तक अधिक पंचम अशी मारतो. म्हणजे मी पंचम मागायचो आणि हा अतितारातला रिषभ द्यायचा, तोही कुत्र्याच्या शिट्टीसारखा.

आधी पाइप सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेतला. आठ नंबर सातच्या भोकावर बसवला, सात आठच्या. सात तिथेही शहाण्यासारखा वाजला, आठ इथेही बोंबलला. म्हणजे पाइपांखालची, त्यांना हवा पुरवणारी हवापेटी निर्दोष, गुन्हेगार पाइपच.

मग तोंडाची, म्हणजे पाइपच्या खालच्या बाजूच्या आवाज निघतो त्या खाचेची, उंची. वरचा ओठ जितका वर, तितकी उडी मारायची खोड कमी, हे आपल्याला पाठ आहे. तोंडाची रुंदी 24 मिलिमीटर, उंची 7 होती. अर्धा-अर्धा मिलिमीटर कानस मारत 9 पर्यंत नेली. आवाज भोपळ्यासारखा झाला, उडी तशीच. कानसेचं काम मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवून हात चालवायचा असतो. मी तो रागाने चालवला. शेवटी ओठावर पातळ पट्टी चिकटवून उंची पुन्हा 7 केली. दिसायला ठिगळ आहे, असू दे.

मग हवेची फट अरुंद करून पाहिली. मग बुचाचं चामडं बदललं. या चामड्याबद्दल सांगायलाच हवं: एका ऑनलाइन दुकानातून 'ऑर्गनसाठी खास' म्हणून मागवलेला तुकडा एका कडेला कागदासारखा आणि दुसऱ्या कडेला चपलेसारखा निघाला. पेटीच्या पट्ट्यांखाली लावतात ते मऊ चामडं आईने मिरजेहून पाठवलं होतं, त्यातलं उरलेलं वापरलं, बूच लोण्यासारखं सरकायला लागलं. पण आठ नंबरला त्याचं काही नाही. रिषभ तो रिषभ.

रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर हेच रडगाणं गात होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, कुठून तरी हवा जात असेल. पंक्चरवाल्यासारखं पाण्यात बुडवून बघ की." म्हटलं, "आई, लाकूड आहे, फुगेल." ती म्हणाली, "मग धूर सोड. देवापुढे उदबत्ती लावतोस ना, की तेही बंद?"

मधाची रिकामी पिळायची बाटली घेतली, तिच्यात उदबत्तीचा धूर भरला, पाइपचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि पायातून, म्हणजे हवा शिरते त्या खालच्या टोकातून, धूर हळूहळू आत दाबला. तिसऱ्या पिळीला उजव्या कडेच्या सांध्यातून धुराचा एक केसाएवढा धागा बाहेर आला. तेवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि बायको वरून धावत आली, पण मी हलायला तयार नव्हतो. पेन्सिलने खूण केली. बुचापासून अंतर मोजलं: साडेसहा सेंटिमीटर.

आता 20 ला 3 ने भागा.

बंद पाइपमध्ये तो वरचा सूर वाजतो तेव्हा बुचापासून बरोबर एक तृतीयांशावर हवेचा दाब हलतच नाही. तिथे भोक असलं काय नि नसलं काय, त्या सुराचं काही बिघडत नाही. मूळ सुराचा दाब मात्र तिथे चांगलाच हलतो, त्याचा जीव त्या भोकातून जातो. क्लॅरिनेटवाले अंगठ्याने एक बारीक भोक उघडून नेमकी हीच उडी मुद्दाम मारतात. मी पाच आठवडे खपून नकळत एक चौकोनी क्लॅरिनेट तयार केली होती!

कारण फालतू निघालं. पाइनचं लाकूड मोडीत काढलेल्या पलंगाचं. नेमकं त्या जागी एक राळ भरलेली गाठ होती, तिथे सरस धरलाच नाही. उपायही जुनाच: पातळ, गरम सरस पाइपमध्ये ओतायचा, पाइप चारी अंगांनी फिरवायचा, उरलेला ओतून टाकायचा. लाकडाची छिद्रं, सांधे, सगळं आतून बुजतं. मोठ्या ऑर्गनचे ट्यूनर येतात तेव्हा कन्सोलवर (ऑर्गनच्या पट्ट्या असतात तिथे) बसून त्यांच्या हाकेसरशी पुढची पट्टी दाबायचं काम माझ्याकडे असतं. मार्चमध्ये त्यांनी विचारलं होतं, "आतून सरस दिलास ना?" मी मान हलवली होती. दिला नव्हता. आता तेराही पाइपांना दिलाय. आणि हो, सरसच. पांढरा डिंक ओतून बघायचा मोह झाला होता, पण उद्या बुचाखालचं काही उकलायचं झालं तर सरस गरम पाण्याने सुटतो, तो डिंक सुटत नाही. मोठ्या ऑर्गनच्या भात्यांचं चामडं काही दशकांनी बदलावंच लागतं, तेव्हाही सरसाचीच पुण्याई कामी येते.

(पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा ऑर्गन 2019 च्या आगीत जळला नाही, पण शिशाच्या धुळीने माखला. सुमारे 8,000 पाइपांचा तो डोलारा उतरवून, पुसून, पुन्हा सुरात आणेपर्यंत डिसेंबर 2024 उजाडला. आमच्याकडे आपली नेहमीची धूळ आणि मेणबत्त्यांची काजळी, पण रोग तोच.)

खरं तर पुढचा टप्पा पॉलिशचा होता. पण काल सगळे तेरा एकदम सुरात असताना सा आणि ग एकत्र दाबले आणि तो समान स्वरांतराचा (सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेला) गंधार कानाला टोचला. पेटीवर आयुष्यभर चालवून घेतला, पण इथे का घ्यायचा? बूच एक केस वर ओढलं की गंधार 14 सेंटने (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरून शुद्ध होतो. युरोपातल्या कित्येक जुन्या ऑर्गनमध्ये असाच निर्मळ गंधार लावायचे, त्यामुळे कॅथेड्रलवाले नाक मुरडतील असं वाटत नाही. आता बेत असा: गंधाराचे दोन पाइप, एक आजचा, एक शुद्ध, शेजारी शेजारी. येणाऱ्याने आळीपाळीने दाबून बघावं. म्हणजे चौदावा पाइप आला. हवापेटीत चौदावं भोक आलं. पॉलिश गेलं पुढे.

अडचण थंडीची. स्वयंपाकघर 20 अंशांवर, कॅथेड्रल 13 वर. अंशामागे साधारण 3 सेंट धरले तर सगळा संच 21 सेंट उतरणार. सगळे एकत्र उतरतील, आपसात सूर राहील. पण मला सोबत पेटी वाजवायची खाज आहे आणि पेटीचे सूर थंडीत जवळपास जागचे हलत नाहीत. तेव्हा बुचं तिथेच, सकाळी लवकर जाऊन लावायची.

पलंगाच्या फळ्या संपल्या. बिनगाठीचं पाइन, 8 मिलिमीटर जाडीचं, कुणाकडे हातभर पडलं असेल तर कळवा.