आधी सेल बदललात का?

जून लागला की जुने कॉम्प्युटर पाळणाऱ्या लोकांचे मला मेसेज वाढतात. मे महिन्यापर्यंत गुपचूप चालणारं मशीन, दोन आठवडे सलग पाऊस पडला की बटण दाबल्यावर नुसतं बीप बीप करतं आणि मालक लिहितो, "दादा, विंडोज करप्ट झालंय वाटतं, परत टाकू का?" अरे बाबा, गाडी विंडोजपर्यंत पोचलीच कुठंय अजून! स्क्रीन काळी आणि बीप चालू म्हणजे आधी रॅम, म्हणजे मेमरीचं कार्ड, बघायची. वायर काढ, कॅबिनेट उघड, रॅम काढ, तिची ती सोनेरी पट्टी शाळेतल्या साध्या खोडरबराने घास, रबराचा चुरा ब्रशने झटक, परत बसव, दोन्ही बाजूच्या क्लिपा कट्कन लागल्या पाहिजेत. मुंबईची हवा दमट आणि खारट, धातूवर थर चढणारच, त्याला विंडोज काय करणार. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि मग ते मला थँक्यूचा गुलाबवाला फोटो पाठवतात.

माझी नोकरी वेगळीच आहे, हे सगळं रविवारचं. कुणाला शाळेतलं विंडोज ९८ परत बघायचंय, कुणाला वडिलांच्या विंडोज एक्सपीवरचे फोटो हवेत, कुणाला विंडोजच्या आधीच्या डॉसवर गेम खेळायचाय तोही खऱ्या फ्लॉपीच्या खडखडाटासकट. हौस आहे, हौसेला मोल नाही. पण या सगळ्यांचे प्रॉब्लेम बघून माझं एक मत झालंय, की जुनी ओएस, म्हणजे विंडोज-डॉससारखी ऑपरेटिंग सिस्टम, सहसा आपणहून बिघडत नाही. १९९८ साली जो कोड लिहिला तो आजही तसाच आहे, तो म्हातारा होत नाही. बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो की शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं? उत्तर हमखास येतं, "काहीच नाही बदललं." आणि मग अर्ध्या तासाने हळूच कळतं की भाच्याने रॅम वाढवून दिली होती.

सेलचंच घ्या ना. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो संपला की तारीख मागे जाते, कधी २००२ तर कधी अजून मागे. तारीख चुकली की ब्राउजरमध्ये कुठलीच साइट धड उघडत नाही, कारण साइटचं सर्टिफिकेट आजचं आणि कॉम्प्युटरच्या मते अजून ते सुरूच व्हायचंय. लोक राउटर बंद चालू करत बसतात. पण खरी गंमत पुढे आहे. सेल गेला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन चालू करणाऱ्या प्रोग्रामची, सगळी सेटिंग मूळ पदावर येतात, आणि ज्या बोर्डात हार्ड डिस्कशी बोलायचं सेटिंग मुळात एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचं, असतं आणि एक्सपी चालावी म्हणून कुणीतरी कधीकाळी ते आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचं, केलेलं असतं, तिथे ते परत एएचसीआय होतं. साध्या एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या पद्धतीने बोलायला लागणारा छोटा प्रोग्राम, नाही. झालं, लोगो दिसतो न दिसतो तोच निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी ७बी. मालक घाबरून एक्सपीची सीडी घालतो तर सेटअप म्हणतं हार्ड डिस्कच सापडत नाही. मग तो ठरवतो डिस्क गेली, आणि भंगारवाल्याला हाक मारतो! डिस्क ठणठणीत, डेटा ठणठणीत, गेला काय तर सेल. बायोसमध्ये जाऊन ते सेटिंग आयडीई किंवा कंपॅटिबल असं करायचं, सेव्ह करायचं, बाहेर यायचं. (एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देता येतो, पण आता फ्लॉपी ड्राइव्ह कुठून आणणार, त्यापेक्षा हे सोपं.) म्हणून कुणी "निळी स्क्रीन येते" एवढंच लिहिलं की मी आधी विचारतो, सेल कधी बदललात?

आता त्या रॅमवाल्या भाच्याकडे येऊ. विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम दिली की ते गडबडू लागतं, एक जीबीच्या वर गेलात की बऱ्याचदा चालूच होत नाही आणि मेसेज काय देतं तर मेमरी अपुरी आहे. मेमरी जास्त झाली म्हणून अपुरी! हसू नका, त्याला कारण आहे. डिस्कचा कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं रॅममध्ये हाताशी ठेवायची जागा, सांभाळणारा व्हीकॅश नावाचा भाग, जितकी रॅम दिसेल त्या हिशोबाने मेमरीचे पत्ते स्वतःसाठी अडवून ठेवतो, आणि मग बाकीच्यांना पत्तेच उरत नाहीत. त्या काळी घरच्या पीसीला ३२ किंवा ६४ एमबी असायची, एक जीबी कोण टाकणार होतं. उपाय दोन. एक तर जास्तीची रॅम काढून ठेवा, नाहीतर सिस्टम डॉट आयएनआय उघडून व्हीकॅशच्या भागात मॅक्सफाइलकॅशला मर्यादा घाला. मी काढून ठेवा सांगतो, कारण ९८ वर कुणी असं काय करणारे की एक जीबी लागेल.

डिस्कचंही तेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, आयडीई डिस्क शोधायला गेलात आणि दुकानदाराने स्वस्तात मोठी दिली तर लगेच खूश होऊ नका. डिस्कचे भाग पाडणारा ९८ चा मूळ प्रोग्राम एफडिस्क ६४ जीबीच्या वरची डिस्क दिली की ६४ वजा करून उरलेलीच दाखवतो, आणि एक्सपीची पहिली, सर्व्हिस पॅक (मोठं अपडेट) नसलेली सीडी असेल तर ती १३७ जीबीच्या पुढे बघतच नाही, कारण पत्त्याला २८ बिट आणि एका सेक्टरला ५१२ बाइट, गुणाकार करा, तेवढंच येतं. सर्व्हिस पॅक १ पासून ते सुटलं. मला विचाराल तर ९८ साठी फिरणारी डिस्क नकोच, कॅमेऱ्याचं जुनं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीईचा छोटा अ‍ॅडॉप्टर घ्या, ते कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही, आवाज नाही, आणि बिघडलंच तर कार्ड काढून दुसरं लावायचं.

डॉसवाल्यांचा लाडका प्रॉब्लेम म्हणजे रनटाइम एरर २००. एका कॉलेजच्या मुलीने बोरिवलीहून मला फोटो पाठवला, पेन्टियम थ्री, डॉस एकदम नीट, पण टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला एक प्रोग्राम चालू केला की लगेच हा एरर देऊन बाहेर. तिने तो तीन ठिकाणांहून डाउनलोड केला, तिन्हीकडे तेच, मग म्हणाली मशीनच बाद आहे. मशीन बाद नाही गं, मशीन फार चांगलं आहे! टर्बो पास्कलचा सीआरटी नावाचा तयार भाग सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतो, घड्याळाच्या एका टिकटिकीत म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत रिकामा लूप किती वेळा फिरला ते मोजून त्याला ५५ ने भागतो. प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वर गेला की उत्तर सोळा बिटात मावतच नाही, आणि भागाकार फसला की एरर २००. यावर प्रोग्रामच्या फाइललाच पॅच मारता येतो, किंवा बायोसमध्ये प्रोसेसरचा कॅश बंद करायचा, मशीन लगेच बैलगाडी होतं. तिने कॅश बंद केला आणि पाच मिनिटांत मला व्हिडिओ आला.

याच जातीचा अजून एक प्रश्न दर सेमिस्टरला येतो, टर्बो सीचा, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरचा. आमच्या पिढीने प्रॅक्टिकल त्याच्याच निळ्या स्क्रीनवर दिली, आता कुणाला आठवण येते, जुनी सीडी सापडते, नव्या लॅपटॉपवर टाकतात आणि विंडोज म्हणतं हे चालणार नाही. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच ठेवलेली नाही, सेटिंग कितीही शोधा. डॉसबॉक्स टाका, ते विंडोजमध्येच डॉसचं सोंग करतं, त्यात चालवा, विषय संपला. ज्यांना रिकाम्या जुन्या मशीनवर खरंखुरं डॉस हवंय त्यांनी फ्रीडॉस घ्यावं, १९९४ पासून चालू आहे, फुकट आहे आणि अजूनही नवीन आवृत्त्या येतात.

गिरगावातले एक काका आहेत, त्यांना हौशी म्हणावं का पोटापाण्यासाठी म्हणावं कळत नाही. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, वर्षश्राद्धाची कार्डं, सगळं एक्सपीवर, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवालं, म्हणजे मागे प्रिंटरच्या पोर्टला एक ठोकळा लावल्याशिवाय ते चालूच होत नाही. त्यांच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या नळकांड्यांसारखे भाग, वर फुगले आणि बोर्ड गेला. एक्सपीच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना ही व्याधी होती, डोकं सपाट नसून फुगलेलं दिसलं किंवा तपकिरी काही बाहेर आलेलं दिसलं की समजायचं. पुतण्याने सेकंडहँड मशीन आणलं, एक्सपी टाकली, पण मागे ते पोर्टच नाही म्हणून यूएसबीची प्रिंटर केबल आणली. सॉफ्टवेअर म्हणतं डोंगल नाही.

फोनवर मी विचारलं, "काका, मागे पंचवीस भोकांचं पोर्ट दिसतंय का बघा." ते म्हणाले, "मला ते वाकून बघता येत नाही रे, तू ये एकदा घरी." गेलो. ती यूएसबी केबल प्रिंटरसाठी ठीक असते, पण हे जुनं सॉफ्टवेअर डोंगलशी थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतं, ३७८ हेक्स, आणि तो पत्ता त्या केबलमध्ये नसतोच. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचा तो डबा एकदाचा गेला तर बरं होईल, अर्धं टेबल अडवून बसलाय." काका म्हणाले, "डबा गेला तर पस्तीस वर्षांच्या पत्रिका गेल्या." आणि ते खरं आहे, कारण त्या फाइलींमधलं मराठी युनिकोडमधलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं वाचता येणारं, नाही, फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत, फॉन्ट काढला की नुसती चित्रविचित्र चिन्हं उरतात. मजकूर युनिकोडमध्ये करायचे कन्व्हर्टर मिळतात, पण पानाची मांडणी त्यातून येत नाही. शेवटी लॅमिंग्टन रोडला एका गाळ्यात मागे ते पंचवीस भोकांचं पॅरलल पोर्ट असलेला जुना बोर्ड मिळाला, बायोसमध्ये पत्ता ३७८ केला, डोंगल लावलं, चाललं. त्याआधी एक काम केलं आणि ते प्रत्येकाने करावं, जुनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून तिची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, घेतली. दुरुस्ती नंतर, कॉपी आधी. चालू आहे तोवर कॉपी फुकट असते.

जाता जाता, एक्सपीवर युनिकोड मराठी मोडकी दिसते, वेलांट्या भलतीकडे जातात, अशी तक्रार आली तर कंट्रोल पॅनेलमध्ये रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक लावा. ते सीडी मागेल, द्या. फॉन्ट मागून काही होत नाही.

नेटबद्दल मी जरा कडक आहे. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर अपडेट बंद झाले, २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं व्हायरस आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक पॅच दिला होता. त्यावर बँक उघडू नका, मेल उघडू नका. लोक भांडतात माझ्याशी, की माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय. बरं, नसेल, पण त्याच वायफायवर बायकोचा लॅपटॉप आहे ना? फाइली न्यायच्या असतील तर छोटा पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून वापरा. घरातल्या नेटवर्कवरून विंडोज १० चं फोल्डर एक्सपीला दिसत नाही कारण फाइली शेअर करायचा जुना एसएमबी १ प्रोटोकॉल २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलमध्ये बंद असतो, आणि तो उघडायला मी कुणालाही सांगत नाही, एवढ्यासाठी पूर्ण घराचं दार कशाला उघडं टाकायचं. ९८ वाल्यांना पेन ड्राइव्हसाठीही ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर आत न्यायला पेन ड्राइव्ह चालत नाही, त्यामुळे सीडी जाळायची तयारी ठेवा.

आता नवीन गर्दी आहे विंडोज १० वाल्यांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि लगेच लोक "दादा माझं पण आता जुनं झालं ना" म्हणून यायला लागले. मशीन रोजच्या कामाचं असेल तर माझ्याकडे येऊ नका, लिनक्स टाका किंवा अपग्रेड बघा. शौक म्हणून ठेवायचं असेल तर आत्ताच, सगळं डाउनलोड होतंय तोवर, इन्स्टॉलरची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, आणि त्या मशीनचे सगळे ड्रायव्हर एका डिस्कवर उतरवून ठेवा, आणि कॅबिनेटवर किंवा लॅपटॉपच्या पोटावर विंडोजच्या प्रॉडक्ट की चा स्टिकर असेल तर त्याचा आजच फोटो काढा, ते आकडे पुसले जातात. आणि मला विचारायचं असेल तर मदरबोर्डचं नाव, एररचा अख्ख्या स्क्रीनचा फोटो, आणि काय बदललं ते लिहा. "चालत नाही" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.