२० तारीख आणि माझे लक्ष

महिन्याची २० तारीख आमच्या सीए कचेरीत सगळ्यांच्याच मनावर असते, कारण बहुतेक ग्राहकांचे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र, त्या दिवशी रात्रीपर्यंत भरले जावे लागते. विक्रेत्यांनी ११ तारखेपर्यंत आपली विक्रीची विवरणपत्रे भरलेली असतात, त्यांवरून १४ तारखेला प्रत्येक खरेदीदाराचे २बी, म्हणजे त्याच्या खरेदीची बिले दाखवणारे जीएसटी पोर्टलवरचे विवरण, तयार होते, आणि मग उरलेल्या दिवसांत ग्राहकाच्या खरेदीवहीतली एकेक ओळ त्या २बीशी ताडून पाहायची असते. १ जानेवारी २०२२ पासून जे बिल २बीत दिसत नाही, त्यावरील कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, त्यामुळे एखादी ओळ नजरेतून सुटली तरी ग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागते. लक्ष टिकत नाही अशी ज्याची तक्रार आहे, त्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये असे कोणालाही वाटेल. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड करणारी मेंदूच्या वाढीशी निगडित स्थिती, आहे, आणि हे काम मी अनेक वर्षे मनापासून करते आहे.

माझे निदान तिशी उलटल्यावर झाले. मानसोपचारतज्ज्ञांनी १८ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असली पाहिजेत, हा या निदानाचा निकष आहे; म्हणून त्यांनी माझ्या आईला बोलावून घेतले, शाळेची प्रगतिपुस्तके मागवली, आणि इयत्तेमागून इयत्ता ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा एकच शेरा वाचून काढला. आधीच्या एका नोकरीत मला ‘बेफिकीर’ हे विशेषण चिकटले होते आणि ते मी बरीच वर्षे खरे मानले होते. डॉक्टरांनी सांगितले की प्रश्न वृत्तीचा नाही. मेंदूचा जो भाग कामाचा क्रम लावतो आणि हातातली माहिती थोडा वेळ धरून ठेवतो, त्याच्या कामात डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांचा वाटा असतो, आणि ते काम माझ्या बाबतीत वेगळ्या तऱ्हेने चालते. मी त्यातून स्वतःपुरता अर्थ असा काढला की आत्ता मी काय करत होते, मला कोणी काय सांगितले आणि किती वेळ गेला, या तीन गोष्टी मी डोक्यात सांभाळायच्या नाहीत. त्या डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर ठेवायच्या.

आमच्या सरांना मी हे सांगितले, तेव्हा मला धाकधूक होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे कायद्याचा आधार घेऊन काही मागावे अशी माझी स्थिती नव्हती. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुला नेमके काय लागेल ते सांग.” मी तीन गोष्टी मागितल्या: दाराकडे पाठ होणार नाही अशी भिंतीलगतची जागा, प्रत्येक सूचना तोंडी न देता लिहून, आणि हिशेब ताडण्याचे काम दिवसाच्या पहिल्या भागात. तिसऱ्या मागणीचे कारण औषध हे होते. मी सकाळी मिथाइलफेनिडेट घेते. ते मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मिळणारे, कायद्याने नियंत्रित औषध आहे आणि दिवस मावळेपर्यंत त्याचा असर ओसरतो. औषधाने काम आपोआप होत नाही, काम सुरू करण्यातली ओढाताण तेवढी कमी होते. बाकीचे सगळे रचावे लागते.

ज्या दिवसाविषयी सांगायचे आहे तो ऑगस्टमधला २० तारखेचाच दिवस. भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका भागीदारी संस्थेचे काम माझ्याकडे होते. पुस्तकातले क्रेडिट आणि २बीतले क्रेडिट यांत १,२६,००० रुपयांचा फरक येत होता. मी वरून ओळी ताडत निम्म्यावर आले असतानाच त्यांच्या लेखापालांचा फोन आला: “मॅडम, बँकेला स्टॉक स्टेटमेंट आजच पाहिजे, जरा बघता का?” असा फोन हाच माझ्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण. फोन ठेवल्यावर मी नव्या कामात शिरते आणि आधीचे काम कोठे थांबले होते याचा मागमूसही मनात उरत नाही.

माझ्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. फोन कानाला असतानाच मी त्यांतल्या एकीवर लिहिले: ‘भोसरी, जुलै. ओळ २१४ पर्यंत झाले. फरक १,२६,०००. पुढे: २१५, चाकणचे बिल.’ ‘पुढे’ हा शब्द त्यात असलाच पाहिजे, कारण कोठे थांबलो हे कळले तरी पहिली कृती काय हे समोर नसेल तर मी त्या कामाभोवती नुसती घुटमळत राहते. पट्टी पडद्याच्या खालच्या कडेला उभी केली, बँकेचे काम दुपारी चारच्या रकान्यात टाकले, तसे लेखापालांना कळवले आणि पुन्हा २१५व्या ओळीवर आले.

फरक तिथेच होता. चाकणच्या पुरवठादाराचे सात लाखांचे बिल, त्यावर १८ टक्के कर. बिल खरे, माल आलेला, पण २बीत त्याचा पत्ता नाही. आमच्या ग्राहकाची महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातही नोंदणी आहे. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राची २७ आणि कर्नाटकाची २९; पुरवठादाराने विवरणपत्र भरताना २९ने सुरू होणारा क्रमांक टाकला होता, आणि आमचे बिल कर्नाटकाच्या २बीत जाऊन बसले होते.

ते सापडल्यावर जे झाले ते या आजाराचे कमी बोलले जाणारे अंग आहे. लक्ष विखुरते तसेच ते एखाद्या जागी इतके रुतते की तहान, भूक, घड्याळ यांतले काहीच जाणवत नाही. याच पुरवठादाराने आधीच्या महिन्यांतही असेच केले असेल का, या प्रश्नाने मला धरले. प्रश्न योग्य होता, पण तो त्या दिवसाचा नव्हता. आणखी काही ग्राहकांची विवरणपत्रे भरायची बाकी होती. याचसाठी २० तारखेला आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या शिक्षणातली उमेदवारी, करणारा एक मुलगा माझ्या शेजारी बसून स्वतःचे काम करतो. शेजारी कोणी काम करत बसलेले असले की मलाही बसवते, हे मी अनुभवाने शिकले आहे. दर ठरावीक वेळाने तो एवढेच विचारतो, “ताई, आत्ता कोणती पट्टी?” त्या दुपारी त्याने विचारले, तेव्हा उत्तर द्यायला मी पट्टीकडे पाहिले आणि पट्टीवर जुलै होता. मी मेची फाईल बंद केली. या एका प्रश्नाला मी कोणत्याही गजरापेक्षा अधिक मानते, कारण वाजणारा गजर मी न ऐकता बंद करू शकते, माणसाला मात्र उत्तर द्यावे लागते.

सरांनी ग्राहकाशी बोलून १,२६,००० रुपये रोखीच्या खात्यातून भरायचे ठरवले. न दिसणारे क्रेडिट घेऊन वापरले असते, तर पुढे १८ टक्के व्याजासह परत करावे लागले असते. चार वाजता बँकेचे कागद गेले. संध्याकाळी पोर्टल नेहमीप्रमाणे मंदावले, म्हात्रे पुलाच्या बाजूने ढोलपथकांचा सराव सुरू झाला, आणि त्या वेळेसाठी मी मुद्दाम राखून ठेवलेले, फारसे डोके न लागणारे काम, म्हणजे ओटीपी मागवून विवरणपत्रे दाखल करणे, आम्ही दोघांनी मिळून संपवले.

चाकणच्या पुरवठादाराला दुरुस्तीसाठी ईमेल करायचा मोह मी त्या रात्री आवरला. थकलेल्या डोक्याने लिहिलेल्या पत्रात क्रमांक चुकण्याची भीती असते, म्हणून बिलाची प्रत पट्टीला जोडून ते काम दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या रकान्यात लिहिले. पुरवठादाराने पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती केली आणि १४ सप्टेंबरच्या २बीत ते बिल २७च्या क्रमांकावर दिसले. मेची आणि जूनची फाईल मी त्यानंतर, निवांत दिवशी तपासली.