तुम्ही विचारलंत म्हणून: डाव्या हातचा मळ

पोहे खाताना हा प्रश्न हमखास येतो. उजव्या हातात चमचा, प्लेटीत शेव नि जीरावण, आणि समोरचा एकदम थबकतो. "अहो, तुम्ही तर उजवे! मग डार्ट डाव्या हातानं का मारता?" इंदुरात माणूस आठवड्यातून किती वेळा पोहे खातो ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल त्याचा अंदाज करा. गणपतीच्या मांडवात ऐकलाय, सियागंजात ज्या पेढीवर मी खाती लिहितो तिथल्या हमालाकडून ऐकलाय, एकदा तर स्मशानातून परतताना ऐकलाय.

उत्तरं तयार असतात. घाईत असलो तर "खांदा गेला होता". माणूस नवा असेल तर "डाव्या हातचा मळ आहे हो", मग तो हसतो आणि विषय मिटतो. भाचा लहान असताना त्याला सांगितलं होतं की मला दोन्ही हातांनी मारता येतं. त्यानं ते शाळेत सांगितलं, चार मित्र घरी आणले, आणि मला अचानक बँकेतलं काम आठवलं.

आता खरं ते सांगतो, म्हणजे पोहे तरी गरम खाता येतील.

मला उजव्या हातातून डार्ट सोडता येत नाही. दुखत काहीच नाही. हात वर जातो, मनगट मागे येतं, पुढे जातं, आणि बोटं उघडत नाहीत. याला डार्टायटिस म्हणतात. नावच असं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून मी ते कधी उच्चारलंच नाही. इंग्लंडचा डार्ट्सपटू एरिक ब्रिस्टो, त्याला हेच झालं. 1986 मध्ये त्यानं पाचवं जगज्जेतेपद जिंकलं आणि थोड्याच काळात त्याचा हात अडकायला लागला. गडी हटला नाही, 1990 मध्ये पुन्हा अंतिम फेरीत आला. तिथे फिल टेलरनं त्याला 6-1 असा धुतला. त्या टेलरला ब्रिस्टोनंच पदरचे पैसे घालून उभं केलं होतं. टेलर एकूण सोळा वेळा जगज्जेता झाला, ब्रिस्टोला सहावं काही मिळालं नाही. मी त्याच्या पंगतीला बसतोय असं समजू नका. त्याचं जे झालं ते टीव्हीवर झालं, लपवायची सोयच नव्हती. मला होती.

आणि सत्काराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्यावसायिक डार्ट्सपटू’ छापतात, तेही जरा आवरा. तिकडे व्यावसायिक स्पर्धा खेळायचा परवाना, म्हणजे टूर कार्ड, 128 जणांकडेच असतं, तेही दोन वर्षांपुरतं. 2025 च्या जानेवारीत लूक लिटलर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला आणि पाच लाख पौंड घेऊन घरी गेला. माझ्या आयुष्यात एकाच वर्षी बक्षिसाची रक्कम रेल्वेच्या तिकिटांपेक्षा जास्त झाली. त्यातून मिक्सर आला. आई शेवटपर्यंत त्या मिक्सरला "तुझा पगार" म्हणायची.

तरी मी खेळत होतो मन लावून, हे खोटं नाही. महूच्या छावणीत वडिलांचे एक मित्र होते, त्यांच्या मेसमध्ये पहिल्यांदा बोर्ड पाहिला. मग आमच्या पडवीत टांगला. मधला बुल जमिनीपासून 1.73 मीटरवर, उभं राहायची रेघ बोर्डापासून 2.37 मीटरवर. ती रेघ मी फरशीत छिन्नीनं कोरली, त्याबद्दल वडील आठ दिवस बोलले नव्हते. पेढीवरून आलो की रोज दोन तास. 501 मधून वजाबाकी करत खाली यायचं आणि शेवट डबलनं, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीत मारून, करायचा. दिवसभर जमा-खर्च लिहिणाऱ्याला यात काय मजा, असं हिनं लग्नानंतर विचारलं होतं. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

आता 2011. गाव सांगत नाही, स्पर्धाही सांगत नाही. समोर कोलकात्याचा एक खेळाडू, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणत, मीही. चार-चार लेग, म्हणजे डाव, झालेले, शेवटचा चालू. माझे 32 उरले, म्हणजे डबल सोळा. डार्ट्सवाल्याला विचारा, याहून लाडकं काही नाही: थोडा आत गेला तर 16 उरतात, मग डबल आठ, मग चार, मग दोन, चुकत गेलात तरी वाट संपत नाही. दादाचे 186 बाकी होते. तीन डार्टांत जास्तीत जास्त 170 संपवता येतात. म्हणजे तो पुढच्या फेरीत जिंकूच शकत नव्हता. माझ्याकडे तीन डार्ट आत्ता होते आणि तीन नंतर. दडपण आलं म्हणून हात अडकला असं जे समजतात, त्यांनी ही बेरीज करावी.

पहिला डार्ट उचलला. हात पुढे गेला आणि डार्ट हातातच. वाटलं, घाम असेल. पुसला. पुन्हा. पुन्हा. पलीकडच्या बोर्डावर डार्ट लागल्याची टकटक चालू होती आणि मी ती मोजत होतो. पाचव्यांदा सुटला तो फेकून दिल्यासारखा, बोर्डाच्या खाली भिंतीत. दुसरा सुटेचना. किती वेळ गेला ठाऊक नाही. दादानं माझ्याकडे पाठ केली होती, मला अवघडायला नको म्हणून. हे त्याच्या नंतरच्या वागण्यावरून कळलं. तेव्हा वाटलं, हा कंटाळला.

मग मी डाव्या हातानं उजवा खांदा धरला आणि "आई गं" म्हणून खाली बसलो.

ठरवून केलं. कळ आली, भोवळ आली, असलं काही नव्हतं. माझ्या डोक्यात स्वच्छ होतं की खांदा दुखणारा माणूस चालतो, बोटं न उघडणारा चालत नाही. सामना सोडला. आणि दादा धावत आला, पिशवीतून बामची बाटली काढली, माझा शर्ट बाजूला करून खांदा चोळायला लागला. चांगला ठणठणीत खांदा. बराच वेळ चोळत होता. मी म्हटलं, "यहाँ नहीं दादा, थोडा नीचे." खरं वाटावं म्हणून.

दहा मिनिटांत त्याचा पुढचा सामना लागला. बेसिनवर साबण नव्हता. त्यानं पाण्यानं हात धुतले, रुमालाला पुसले. पण बाम तो बाम. डार्ट जिथे धरतात ते बॅरल टंगस्टनचं, बोटांना तेलकटपणा. प्रत्येक डार्टाआधी तो बोटं पँटला पुसत होता. पाच-एकनं हरला. बामामुळे हरला का? समोरचा चांगला खेळत होता, हेही तितकंच खरं. मी तिथे तिसऱ्या रांगेत बसून होतो, अंगाला तोच वास. दादा त्याबद्दल कधी एक अक्षर बोलला नाही.

त्या वेळचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, तू काय वेगळं केलं असतंस? भर हॉलमध्ये सांगणार होतास? मी म्हणतो, नसतं सांगितलं, पण "थोडा नीचे" तरी म्हणालो नसतो. तो म्हणतो, मग तुझं नाटक उघडं पडलं असतं आणि दादाला जास्त लागलं असतं. यावर मला बोलता येत नाही. चलाख होता तो.

बाकीचं थोडक्यात. नसांच्या डॉक्टरांनी तपासलं, नसा उत्तम. म्हणाले, लिहिणाऱ्यांचं होतं, वाजवणाऱ्यांचं होतं, गडबड मेंदूच्या हुकमात असते, हातात नाही. आईनं मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली, ती फक्त उजव्या हातावरून. मग डावा हात. अडीच वर्षं लागली. पुढचा पाय बदलला, आणि माझा नेम उजव्या डोळ्याचा, त्यामुळे मान वाकडी करून उभं राहावं लागतं. तुम्ही ज्याला माझी ‘स्टाइल’ म्हणता ती हीच. तीन डार्टांची सरासरी 71 होती, आता 56 च्या वर सरकत नाही.

याला लोक जिद्द म्हणतात. भाषणात तर म्हणतातच. पण खांदा गेलाय असं एकदा सांगितल्यावर दुसरं करणार काय होतो? उजव्यानं खेळलो असतो तर अडकलेला हात सगळ्यांना दिसला असता. खेळ सोडला असता तर वर्षभरात कुणीतरी म्हणालं असतं, बरा झाला ना खांदा, चला. डावा हात ही माझी सबब होती. खेळ आवडत होता, हेही आहेच. कोणतं किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

आणि एक. रात्री घर झोपल्यावर पडवीत मी कधीकधी उजव्यानं मारतो. आकडा न धरता. जातो सरळ, ट्रिपल वीसमध्ये जातो. मनात "बत्तीस" म्हटलं की बोटं मिटतात.

दादाचा दिवाळीला फोन येतो. दर वर्षी, न चुकता. पहिलं वाक्य तेच: "कंधा कैसा है?" मी म्हणतो, "अब ठीक है, दादा." मग तो म्हणतो, थंडी में सम्हालना.

त्याला मराठी वाचता येत नाही. हे मी मराठीत का लिहितोय, ते मात्र विचारू नका.