तिसरा कर्णा

पालखीच्या तळावर तुतारीसारखा कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला पथारी आवरायची, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला माउली निघते. सासवडहून निघताना तो तीनदा वाजला आणि मला एकदाही ऐकू आला नाही.

माझ्या दोन्ही कानांच्या नसा २०१९ पासून कमजोर होत गेल्या. तोवर वीस वर्षं मी आमच्या भजनी मंडळात गात होते. आता यंत्र लावलं की बोलणं कळतं, पण पाणी लागलं की ते मुकं होतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं, तेव्हाच मनात भीती होती की या पावसात यंत्र टिकेल का. तरी निघाले. यंदा नाही तर पुढं हरिपाठ कानावर पडेल की नाही, कोणी सांगावं.

मंडळातल्या दोघी बरोबर होत्या, पण दिंडीत राहुट्या वाटल्या गेल्या आणि माझ्या वाट्याला परभणीकडच्या एक मावशी आल्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं काटक, आवाज मात्र असा की शेजारच्या राहुटीतली माणसं दचकून उठावीत. यंत्र लावलेल्या कानाला मोठा आवाज नुसता मोठा लागत नाही, टोचतो. त्या "चहा आला गं" म्हणाल्या तरी मी कान झाकून घ्यायची. पुण्याच्या मुक्कामात मी दिंडीचालकांकडे जाऊन राहुटी बदलून मागितली. ते म्हणाले, "माउली, जागा नाही, सांभाळून घ्या." मावशी जवळच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. मला ते आजही लागतं.

पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये दिवेघाट. माउलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या जुंपतात. घाटाच्या वळणावळणाला पताका दिसत होत्या, मागं पुढं नुसती माणसं, आणि अर्ध्या घाटात पाऊस कोसळला. प्लास्टिकची पिशवी काढेपर्यंत यंत्रात पाणी गेलं. आधी खरखर झाली, मग काहीच नाही. समोर शेकडो टाळ वाजताना दिसत होते आणि माझ्यापर्यंत येत होती ती नुसती गुणगुण, भिंतीपलीकडून यावी तशी.

सासवडला दोन रात्री यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं. सुकलं नाही. दुसऱ्या रात्री मी पांडुरंगाशी भांडले. तुझं नाव ऐकायला आले आणि तू तेच काढून घेतलंस? सकाळी नळावरच्या रांगेत उभी राहिले. परत आले तर राहुट्या उतरलेल्या, सामानाचा ट्रक गेलेला आणि तळावर चिखलातले खुंट्यांचे खड्डे. मला वाटलं, हा त्याचाच निरोप. घरी जा म्हणतोय. मी एसटी स्टँडची वाट धरली.

तेवढ्यात पाठीवर दणका बसला. मावशी होत्या. सगळा लोंढा जेजुरीकडे चाललेला, आणि ही बाई त्याच्या उलट चालत मला शोधत आली होती. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "तिसरा कर्णा झाला ना माय! कुठं चालली?" बोटं तीन दाखवली, मग हात तोंडाशी नेऊन कर्णा दाखवला. मला सगळं कळलं. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं पुरतं कळलं होतं.

त्यांची सासू ठार बहिरी होती. वीस वर्षं मावशींनी तिचं केलं. म्हणूनच तो आवाज चढला, म्हणूनच समोर येऊन, ओठ दाखवून, हातवारे करून बोलायची सवय. एवढ्या अफाट सोहळ्यात, जिला माझ्याशी कसं बोलायचं हे आधीपासून येत होतं, तीच बाई माझ्या राहुटीत ठेवलेली होती. आणि मी तिला बदलून मागत होते.

वाटेत त्यांनी आपल्या पदराचं टोक माझ्या पदराला गाठवलं. आम्ही बायका वीणेकऱ्याच्या मागं चालायचो. त्यांनी मला ओढून पखवाजाच्या जमेल तितकं जवळ नेलं आणि माझ्या छातीवर तळहात ठेवला. "कानाचं सोड. इथं वाजतं बघ." खरंच वाजत होतं. पखवाजाची थाप बरगड्यांत उतरत होती. पुढच्यांचे पाय बघून मी पावली धरली, आणि तोंडातून नाव आपोआप निघायला लागलं. सूर लागला की नाही, मला माहीत नाही. मावशी मात्र मान डोलावत होत्या.

त्या संध्याकाळी जेजुरीला समाज आरतीला आम्ही तळावर उभ्या राहिलो. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकाच वेळी चालू असतात. मग चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करून "होऽऽ" अशी हाक देतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती तेवढी वाजवत राहते, चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. हरवलं-सापडलं तिथंच सांगतात. हाक मला ऐकू आली नाही. पण हजारो हात एका क्षणात थांबलेले मी डोळ्यांनी पाहिले. भोवती कुणाच्या तोंडून शब्द नाही. त्या घटकेला जे सगळ्यांना ऐकू येत होतं, तेच मलाही येत होतं. माझे डोळे भरून आले. मावशींनी विचारलं नाही. नुसती पदराची गाठ चाचपून पाहिली.

पुढचे दिवस भराभर गेले. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. अश्व धावून गेला तेव्हा पायाखालची जमीन थरथरली आणि तीही मी मनात साठवून ठेवली.

नातेपुत्याला मावशींच्या लेकाचा फोन आला. तिकडे पाऊस पडला होता, वाफसा होता, पेरणी थांबणार नव्हती आणि पोरगा एकटा. त्या सामान बांधायला लागल्या. मला पटेना. इतकं चालून, पंढरी तीन-चार मुक्कामांवर असताना माघारी जायचं? मी पुन्हा पांडुरंगावर रागावले, या वेळी त्यांच्यासाठी. त्यांनी माझा चेहरा वाचला. समोर बसून म्हणाल्या, "पंढरी कुठं पळती का? रानातबी तोच उभा हाय माझा." अरणचे सावता महाराज मळा सोडून कधी गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असं आपण किती वेळा ऐकतो. चिखलाच्या पायांनी ट्रॅक्टरकडे चाललेल्या त्या बाईकडे बघताना ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. जाताना त्यांनी गाठ सोडली आणि म्हणाल्या, "माझा नमस्कार सांग तेवढा."

वाखरीहून पंढरपुरात शिरलो. एकादशीला दर्शनाची रांग इतकी लांब होती की मी कळसाचं दर्शन घेतलं आणि नामदेव पायरीपाशी गेले. यंत्र तसंच मुकं, पिशवीत. पायरीवर डोकं टेकवलं, माझं सांगून झालं. मग दुसऱ्यांदा टेकवलं, मावशींचं सांगायला. तेव्हा लक्षात आलं, मला त्यांचं नावच माहीत नाही. आळंदीत पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं असेल. मी तेव्हा कान झाकून बसले होते.

मग मी त्यांच्यासारखंच, होता तेवढा आवाज काढून म्हटलं, "परभणीच्या मावशींचा नमस्कार!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा एकदा म्हटलं.