‘काहीही आढळले नाही’ या अहवालाचा अर्थ

एसक्यूएल इंजेक्शनचा दोष, म्हणजे वापरकर्त्याने टाकलेला मजकूर डेटाबेसकडून आज्ञा म्हणून चालवला जाण्याची फट, १९९८ साली ‘फ्रॅक’ या नियतकालिकातून जाहीर चर्चेत आला. वापरकर्त्याने दिलेला मजकूर क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) न जोडता पॅरामीटर, म्हणजे निव्वळ मूल्य, म्हणून वेगळा पाठवावा, हा त्यावरचा उपायही जुनाच आहे. तरीही २०२३ साली मूव्हइट या फाइल-हस्तांतरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच दोष निघाला आणि त्यातून जगभरातील अनेक संस्थांची माहिती चोरीला गेली. त्यामुळे हा दोष शोधणाऱ्या स्वयंचलित साधनांचे मोल मला फार वाटते. मात्र त्यांच्या अहवालावर किती विसंबावे, हे ती साधने नेमके काय करतात ते पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

एसक्यूएलमॅप हे या कामाचे सर्वपरिचित मुक्तस्रोत साधन. डेटाबेसचा त्रुटीसंदेश पानावर उमटत असेल तर काम सोपे असते. साधनाचा खरा कस लागतो तो पानावर काहीच उमटत नाही तेव्हा. समजा, पानाच्या वेब-पत्त्यात ‘आयडी’चे मूल्य ७ आहे. साधन त्याला आधी नेहमी खरी ठरणारी आणि मग नेहमी खोटी ठरणारी अट जोडून पाहते. पहिल्या वेळी पान जसेच्या तसे आले आणि दुसऱ्या वेळी रिकामे आले, तर आपली अट डेटाबेसने चालवली, असा निष्कर्ष निघतो. मग ‘पहिल्या अक्षराचा संकेतांक ६४ पेक्षा मोठा आहे का?’ असे विचारत, दर वेळी कक्षा निम्मी करत, सुमारे सात विनंत्यांत एक अक्षर हाती येते; ३२ अक्षरी हॅशसाठी (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपासाठी) सव्वादोनशेच्या आसपास विनंत्या पुरतात. दोन्ही पाने सारखीच दिसत असतील, तर अट खरी असल्यास डेटाबेसला काही सेकंद थांबायला सांगितले जाते; उत्तर उशिरा आले की अट खरी. सर्व्हर मुळातच संथ असू शकतो, म्हणून साधन आधी नेहमीच्या प्रतिसादांचा वेळ मोजून ठेवते. ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते.

परंतु साधन जिथे पाहते तिथलेच सांगते. एसक्यूएलमॅप मूळ मांडणीत पहिल्या पातळीवर चालते; कुठे-कुठे तपासायचे ते ही पातळी ठरवते. कुकी दुसऱ्या पातळीपासून तपासल्या जातात आणि यूझर-एजंट व रेफरर हे हेडर (विनंतीसोबत जाणारी ब्राउझरची व आधीच्या पानाची माहिती) तिसरीपासून. लॉगिनमागची पाने, लॉगिन केलेले सत्र साधनाला पुरवले नाही तर, तपासातच येत नाहीत. त्याहून अवघड प्रकार म्हणजे नोंदणीच्या वेळी सुरक्षितपणे साठवलेले नाव पुढे दुसऱ्याच पानावरील क्वेरीत थेट जोडले जाणे. तो परिणाम कुठे पाहायचा, हे माणसाने सांगावे लागते.

पातळी वाढवताना जोखमीचा पर्यायही, म्हणजे किती धोक्याच्या चाचण्या चालवायच्या ते ठरवणारा, सरसकट वाढवू नये. सर्वोच्च जोखमीला साधन ‘ऑर’ (किंवा) जोडलेल्या अटी पाठवते, आणि अशी अट नोंदी बदलणाऱ्या अपडेट क्वेरीत शिरली तर टेबलातील सगळ्या नोंदी बदलू शकतात. म्हणून ही तपासणी मालकाची लेखी परवानगी घेऊन, चाचणीसाठी केलेल्या प्रतीवरच व्हावी.

स्कॅनरच्या जोडीला मी कोड वाचण्याचा आग्रह धरतो, तो विशेषतः क्रमवारीच्या क्वेरींसाठी. क्वेरीतील ‘ऑर्डर बाय’ या क्रम लावणाऱ्या भागातील स्तंभाचे नाव पॅरामीटर म्हणून बांधता येत नाही, त्यामुळे एरवी दक्ष असलेला प्रोग्रामरही तिथे मजकूर जोडतो. तिथे परवानगी असलेल्या स्तंभांची यादी कोडमध्येच ठेवावी आणि यादीबाहेरचे नाव आल्यास विनंती नाकारावी.